फळ्यापासून सेमिनारपर्यंत

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला कुठे शिकले, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण, इथले बाबासाहेब आपल्या ओळखीचे असतात. पण ते पूर्ण घडलेले बाबासाहेब. ते पहिल्यापासून असेच बोलत असणार असं आपण धरून चालतो आणि त्यात त्यांच्यावर एक अन्याय करतो. त्यांनी कष्टाने कमावलेली गोष्ट आपण उपजत देणगीच्या खात्यावर मांडतो.

भीमराव नावाचा एक विद्यार्थी मुद्दा मांडायला, तो तपासून घ्यायला आणि समोरच्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायला कसा शिकला, याचा माग काढता येतो. चांगदेव खैरमोडे आणि धनंजय कीर यांची चरित्रं आहेत, त्यांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी आहेत, आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांनी एका वर्गात वाचलेला निबंध जसाच्या तसा उपलब्ध आहे. आज आपल्या विद्यापीठांत ‘संवादकौशल्य’ आणि ‘सादरीकरण’ या विषयांना तासिका आहेत, श्रेयांक आहेत, पुस्तकं आहेत. त्या सगळ्यांच्या आधी हा निबंध विद्यार्थ्यांच्या हातात द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात शाळेपासून करावी लागते, कारण शाळेने या मुलाला गप्प राहायला शिकवलं. साताऱ्याच्या शाळेत त्याला बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. वर्ग झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते पुन्हा घरी आणायचं. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचं. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला एक प्रसंग कीरांच्या चरित्रात आहे. शिक्षकांनी भीमरावला फळ्यावर येऊन उदाहरण सोडवायला सांगितलं, आणि वर्गात एकच गलका उठला. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. तो फळ्याशी पोचायच्या आत मुलांनी धावत जाऊन आपापले डबे बाजूला काढले. वर्गासमोर उभं राहून काही करून दाखवण्याचा त्याच्या चरित्रातला हा अगदी सुरुवातीचा प्रसंग. त्याला ते उदाहरण सुटत होतं की नाही, याकडे त्या क्षणी वर्गातल्या कुणाचंच लक्ष नव्हतं. सभाधीटपणा, आवाज, उच्चार या गोष्टी आपण मुलाच्या अंगात शोधतो. समोरचा वर्ग त्याचं ऐकायला तयार आहे का, हे आधी पाहावं लागतं, ते मात्र राहून जातं.

संस्कृत शिकायची इच्छा होती, पण ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. एल्फिन्स्टन कॉलेजात सयाजीराव गायकवाडांनी दिलेली महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती होती. प्राध्यापक म्युलर पुस्तकं देत, कपडेही देत. कॉलेजातला गाजलेला वक्ता म्हणून मात्र भीमरावची ओळख नव्हती. पदवी मिळाली, थोडे दिवस बडोद्याची नोकरी झाली, १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले. त्याच वर्षी बडोदा संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंडांची. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. वय बावीस.

* * *

कोलंबिया विद्यापीठात ते काय काय शिकले त्याची नोंद पाहिली की छाती दडपते. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. शिकवणारे एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स हार्वे रॉबिन्सन, जेम्स शॉटवेल. नवल भथेना हा पारशी तरुण तिथे भेटला आणि जन्मभराचा मित्र झाला. पुढे १९३० मध्ये मागे वळून पाहताना बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातल्या चांगल्या मित्रांमध्ये कोलंबियातल्या काही सहाध्यायांचा आणि या प्राध्यापकांचा उल्लेख केला. ज्या मुलाच्या शेजारी बसायलाही वर्गमित्र तयार नव्हते, त्याने हे म्हणावं, यात त्या विद्यापीठाचं श्रेय आलं.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथली सेमिनारची पद्धत. ती मूळची जर्मन विद्यापीठांची. १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ती अमेरिकेत रुजवली आणि कोलंबियासारख्या संस्थांनी उचलून धरली. व्याख्यानात प्राध्यापक बोलतो, विद्यार्थी लिहून घेतो. सेमिनारमध्ये विद्यार्थी स्वतः शोधून काहीतरी घेऊन येतो, मोजक्या लोकांपुढे वाचतो आणि मग ते सगळे त्यावर बोलतात. शिकवणारा त्या टेबलाभोवतीचा एक जाणकार श्रोता असतो. ही वरवर साधी वाटणारी अदलाबदल विद्यार्थ्याला एका वेगळ्या जबाबदारीत ढकलते. दुसऱ्याने सांगितलेलं लक्षात ठेवणं पुरत नाही, आपण काय म्हणतो आहोत आणि का म्हणतो आहोत, हे आधी स्वतःला कळावं लागतं.

९ मे १९१६ च्या संध्याकाळी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीची यंत्रणा, उगम आणि वाढ असा त्याचा विषय. गोल्डनवायझर हे किएव्हला जन्मलेले आणि फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली तयार झालेले अभ्यासक. त्यांच्या या वर्गात आदिम आणि आधुनिक समाजांतल्या संस्थांवर विद्यार्थी एकेक करून निबंध वाचत होते. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. आज तो जातिविषयक अभ्यासातला महत्त्वाचा मजकूर म्हणून वाचला जातो. मला तो इथे वर्गात वाचलेला विद्यार्थ्याचा पेपर म्हणून पाहायचा आहे.

सुरुवात कशी आहे पाहा. समोर बसलेल्या बहुतेकांना भारतातली जात ही ऐकीव गोष्ट. तिथून सुरुवात केली असती तर पहिल्या पाच मिनिटांत वर्ग हातातून गेला असता. म्हणून हा विद्यार्थी श्रोत्यांच्या अनुभवातून आत शिरतो. तुम्ही वस्तूंची प्रदर्शनं पाहिली असतील, असं तो म्हणतो, गावातली, देशातली, आंतरराष्ट्रीय. मानवी संस्थांचं प्रदर्शन मांडावं ही कल्पना विचित्र वाटेल, पण मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती वाटू नये. मग तो पॉम्पेईच्या अवशेषांमधल्या वाटाड्याचा दाखला देतो आणि आपली जागा त्या वाटाड्याजवळ नेऊन ठेवतो, फक्त आपण अधिक गांभीर्याने आणि स्वतः शिकण्याच्या इच्छेने हे करतो एवढं जोडून. सान फ्रान्सिस्कोचं मोठं जागतिक प्रदर्शन आदल्याच वर्षी, १९१५ मध्ये, भरून गेलं होतं. अमेरिकन विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहायला वेळ लागला नसणार.

यानंतर तो आपल्या आधी निबंध वाचून गेलेल्या सहाध्यायांचा आदराने उल्लेख करतो, आज आपली वेळ आली आहे असं सांगतो आणि विषयाचं नाव घेतो. त्या छोट्या उल्लेखात पुष्कळ काही आहे. या वर्गात तो इतरांसारखाच एक आहे. इतरांचे निबंध त्याने ऐकले आहेत, आता इतर त्याचा ऐकणार आहेत.

पुढचं पाऊल मला फार महत्त्वाचं वाटतं. विषय अवघड आहे, आपल्याहून मोठ्या लोकांनी त्यावर लेखणी झिजवली आहे, तरी कोडं सुटलेलं नाही, हे तो कबूल करतो. पण लगेच म्हणतो की ते कधी कळणारच नाही असं मी मानत नाही, ते कळू शकतं. नम्रता आणि विश्वास इतक्या जवळजवळ ठेवणं सोपं नसतं. आपल्या विद्यार्थ्यांना आपण एक तर नम्रता शिकवतो, म्हणजे ‘मी काय सांगणार, तुम्ही सगळे जाणकार आहात’ छापाची, नाही तर आत्मविश्वास, म्हणजे छाती काढून बोलायचा. अभ्यास झालेला असला की दोन्ही एका श्वासात येतात, हे या परिच्छेदात दिसतं.

मग तो पूर्वसूरींकडे वळतो. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर. हे शेवटचं नाव मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्ञानकोशकार. त्यांनी अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात, शिकत असताना जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं. पहिला भाग १९०९ मध्ये निघाला. म्हणजे एका अमेरिकन विद्यापीठातल्या मराठी विद्यार्थ्याचं पुस्तक दुसऱ्या अमेरिकन विद्यापीठातला मराठी विद्यार्थी आपल्या वर्गापुढे ठेवत होता आणि तपासत होता. सोवळं-ओवळं हेच जातीचं लक्षण, परजातीबरोबर न जेवणं हेच लक्षण, अशा एकेका व्याख्येतलं कमीपण तो दाखवतो. केतकरांचं म्हणणं त्याला सर्वांत जवळचं वाटतं. जातीत जन्मलेलाच जातीचा सदस्य आणि जातीबाहेर लग्नाला बंदी, अशी दोन लक्षणं केतकरांनी दिली होती. हा विद्यार्थी म्हणतो की ही दोन नाहीतच, एकाच पदकाच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न होऊ दिलं नाही की सदस्यत्व आपोआप जन्मावर येतं.

इथून निबंध एका मुद्द्यावर येऊन थांबतो आणि मग तिथून हलत नाही. जातीतल्या जातीत लग्न, हेच जातीचं मर्म. हा मुद्दा पक्का करण्यासाठी तो हिशेबासारखा एक प्रश्न टाकतो. एखाद्या गटाने बाहेर लग्नं करायची नाहीत असं ठरवलं, तर त्या गटात स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या बरोबरीत राहिली पाहिजे. नवरा आधी मेला की एक स्त्री ‘जादा’ उरते, बायको आधी मेली की एक पुरुष. या जादा माणसांचं काय करायचं? सती, सक्तीचं वैधव्य आणि कोवळ्या मुलींची लग्नं या तीन प्रथा तो या प्रश्नाची उत्तरं म्हणून उलगडतो. समाजाने पवित्र मानलेल्या, कवींनी गौरवलेल्या प्रथांचं असं थंड गणित मांडलेलं ऐकताना त्या खोलीत काय वातावरण झालं असेल, याचा विचार मी पुन्हा पुन्हा करते. त्या गणितात एकही चढा शब्द नाही. ऐकणाऱ्याला हादरा बसतो तो एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना.

आणि स्वतःबद्दल एक अक्षर नाही. गोणपाट नाही, शिपाई नाही, फळा आणि डबे नाहीत. यातलं काहीही सांगितलं असतं तर अमेरिकन वर्गाची सहानुभूती क्षणात मिळाली असती. तो अनुभव त्यांनी पुढे लिहिला, तीव्रपणे लिहिला, पण दुसऱ्या जागी, दुसऱ्या कारणासाठी. या वर्गात त्यांना सहानुभूती नको होती, आपला युक्तिवाद तपासून हवा होता. कुठे काय बोलायचं नाही हे कळणं हा मांडणी शिकण्याचा सर्वांत अवघड भाग असेल.

शेवटी आपले मुद्दे चार वाक्यांत गोळा करून हा विद्यार्थी सांगतो की माझा हेतू तपासाची योग्य वाट दाखवण्याचा आहे, भावनेला शास्त्रात जागा असू नये, आणि माझं म्हणणं कुणी सप्रमाण मोडून काढलं तर त्याचाही मला आनंदच होईल. हे शिष्टाचाराचं वाक्य म्हणून वाचू नये. सेमिनारचा अर्धा वेळ तर यानंतरच सुरू होतो.

* * *

ज्यांचा प्रभाव बाबासाहेबांनी आयुष्यभर मानला ते जॉन ड्यूई वक्ते म्हणून प्रसिद्ध नव्हते. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणी पाहिल्या तर उलटंच चित्र दिसतं. हळू आवाज, मध्येच थांबणं, खिडकीकडे पाहत विचार करणं. पुष्कळांना पहिल्या दिवशी कंटाळा येई. मग टिपणं चाळताना ध्यानात येई की हा माणूस पाठ केलेलं बोलत नव्हता, आपल्यासमोर विचार करत होता. सविता आंबेडकरांच्या आठवणीनुसार, त्या वर्गाला तीस वर्षं लोटल्यावरही बाबासाहेब ड्यूईंच्या लकबींची हुबेहूब नक्कल आनंदाने करून दाखवत. इतक्या वर्षांनी नक्कल करता येण्याइतकं ऐकणं, हेही शिकण्याचंच लक्षण. बोलायला शिकायचं तर चांगले वक्तेच ऐकावेत, हा आपला समज या उदाहरणापुढे टिकत नाही.

ड्यूईंचं लोकशाही आणि शिक्षणावरचं पुस्तक १९१६ मध्येच निघालं. माणसं एकमेकांच्या शेजारी राहतात एवढ्याने समाज होत नाही, समान उद्दिष्टं आणि समान आस्था लागतात, आणि त्या एकमेकांशी संवाद असेल तरच येतात, असं त्यात आहे. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे मताधिकाराच्या प्रश्नावर साक्ष देताना आंबेडकरांनी हाच विचार अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाच्या युक्तिवादाचा पाया केला. ज्यांच्याशी इतरांचा मोकळा संवादच होत नाही, त्यांचं म्हणणं इतर कुणी मांडेल ही अपेक्षा कशी ठेवायची? तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. तिथल्या मुलांनी सुरुवातीला या नव्या प्राध्यापकाकडे दुर्लक्ष केलं, आणि मग त्यांची व्याख्यानं ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी येऊ लागले, असं कीर सांगतात. त्याच कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावरून सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती, हेही कीरांनीच लिहिलं आहे. वर्ग ऐकायला लागला होता, शेजारची खोली अजून नाही.

लंडनमधला एक धडा वेगळा आहे आणि तो आजच्या संशोधक विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला सादर केला. ब्रिटिश चलननीतीवर त्यात थेट टीका होती. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. पैशांची चणचण होती, आंबेडकर मुंबईला परतले. निष्कर्षांना धक्का न लावता त्यांनी मांडणी बदलली, प्रबंध पुन्हा पाठवला आणि १९२३ च्या अखेरीस पदवी मिळाली. पुस्तक निघालं तेव्हा प्रस्तावना त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांनी लिहिली, आणि त्या प्रस्तावनेत त्यांनी आपले मतभेद स्पष्ट नोंदवले. शिष्याच्या पुस्तकात शिष्याशी असहमती छापणारा शिक्षक आणि ती छापू देणारा शिष्य, दोघांचंही मला कौतुक वाटतं. गुरूला वाकून नमस्कार करण्याच्या आपल्या चालीरीतीत अशा असहमतीला जागा करणं अवघड जातं, पण अशक्य नाही.

हे सगळं इंग्रजीत चाललेलं. मुंबईत मात्र त्याच माणसाला मराठीत बोलायचं होतं, आणि ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्यातल्या बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला परिषद झाली, शाहू महाराज तिथे आले. पुढे बहिष्कृत हितकारिणी सभा, महाड, नाशिक. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या संचात अठराव्या खंडाचे तीन भाग केवळ मराठी भाषणांचे आहेत. ते वाचताना सेमिनारमधला विद्यार्थी ओळखू येतो. विषय एक, त्याची कारणं, समोरच्याची संभाव्य शंका आणि तिचं उत्तर. भाषा मात्र सभेतल्या माणसाची.

त्यातलं एक भाषण मला सर्वांत बोलकं वाटतं. २५ डिसेंबर १९२७, महाड. समोर शेतमजूर, गिरणी कामगार, लांबून चालत आलेली खेड्यापाड्यांतली माणसं. त्यांना बाबासाहेब १७८९ च्या फ्रान्सची गोष्ट सांगतात. व्हर्सायला भरलेली सभा, राजा, सरदार, धर्मगुरू, त्या सभेने माणसाच्या हक्कांचा केलेला जाहीरनामा. आणि आजची आपली सभा त्या सभेच्या जातीची आहे, असं सांगतात. कोलंबियात रॉबिन्सन यांच्यासारख्या इतिहासकाराच्या वर्गात बसलेला विद्यार्थी आपली शिदोरी चवदार तळ्याच्या गावी उघडून ठेवतो. या लोकांना हे कळेल का, असा प्रश्न त्याला पडत नाही. ते समजेल अशा मराठीत सांगणं हे आपलं काम आहे, एवढंच तो मानतो. न्यूयॉर्कच्या वर्गात त्याला जशी बरोबरीची वागणूक मिळाली होती, तशीच तो महाडच्या मांडवात देत होता.

* * *

आता आपल्या विद्यापीठांकडे येते. पदव्युत्तर विभागांमध्ये ‘सेमिनार’ हा शब्द वेळापत्रकात ठळकपणे छापलेला असतो. प्रत्यक्षात विद्यार्थी पंधरा-वीस स्लाइड्स आणतो. मजकूर कुठून कुठून उचललेला, भाषा दुसऱ्याची. पडद्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून तो वाचत जातो. शेवटी ‘काही प्रश्न?’ असं विचारलं जातं आणि कुणीच काही विचारत नाही, कारण विचारणं म्हणजे मित्राला अडचणीत आणणं. टाळ्या, गुण, पुढचा विद्यार्थी. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. शिक्षकावर सत्तर मुलांचा भार, अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखा, तासिका तत्त्वावरची नोकरी. पण विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ती फक्त उभं राहण्याची सवय.

पीएच.डी.च्या पातळीवरही असंच घडलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत प्रबंधाआधी परिषदांमध्ये दोन शोधनिबंध वाचण्याची अट होती. हेतू चांगला होता. पण अट आली की प्रमाणपत्रांची गरज आली, आणि एका दिवसात शंभर पेपर उरकणाऱ्या परिषदा भरू लागल्या, प्रत्येकाला पाच मिनिटं. २०२२ च्या नियमांत ही सक्ती राहिली नाही. आपला विचार परक्यांपुढे तपासून घेण्याची गरज मात्र राहिली आहे.

वक्तृत्व स्पर्धांबद्दल मी आदराने बोलेन. गावाकडच्या कितीतरी मुलामुलींना पहिल्यांदा माईकसमोर उभं केलं ते या स्पर्धांनी. घरात शिक्षणाची पहिली पिढी असलेल्या मुलीला गावच्या गणपतीच्या मांडवात सात मिनिटं बोलू दिलं जातं, ही लहान गोष्ट नाही. पण भाषण बऱ्याचदा बाईंनी किंवा सरांनी लिहून दिलेलं असतं, ते पाठ होतं, आवाजाचे चढउतार बसवले जातात. आणि भाषण संपल्यावर वक्त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. शाळेत हे ठीक. विद्यापीठात यावर थांबलं तर मुलगी उत्तम बोलते आणि तिला स्वतःला काय म्हणायचं आहे, हे तिलाच माहीत नसतं.

याउलट राज्यातल्या विद्यापीठांचं ‘आविष्कार’ संशोधन संमेलन पाहावं. तिथे विद्यार्थी आधी आपल्या पोस्टरजवळ उभा राहतो. परीक्षक येतात, दुसऱ्या विषयांचे विद्यार्थी येतात, कुणी सहज डोकावतो. प्रत्येकाला नव्याने समजावून सांगावं लागतं आणि प्रत्येकाची शंका वेगळी असते. सकाळी हातातल्या कागदावरून वाचणारी विद्यार्थिनी दुपारपर्यंत कागद बाजूला ठेवते, आणि तिच्या नकळत तिचं बोलणं आटोपशीर होत जातं. कुठे लोकांचं लक्ष जातं आणि कुठे ते पोस्टरवरून उडतं, हे तिला समोरच्या चेहऱ्यांवर दिसतं. दिवसभरात मिळालेलं ते शिक्षण कुठल्याही कार्यशाळेत मिळणार नाही.

इंग्रजीची भीती खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. मराठी माध्यमातून आलेला मुलगा मुलाखतीत अडखळतो आणि त्याची नोकरी हुकते, असं घडतं. पण भीतीचं मूळ फक्त भाषेत आहे असं मला वाटत नाही. ज्याला आपल्या गावच्या पाणीवाटपाचा, आपल्या आईच्या बचतगटाच्या कर्जाचा, आपल्या तालुक्यातल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेचा अभ्यास करून चार लोकांपुढे तो मांडता आला, त्याला दुसऱ्या भाषेत तोच मुद्दा नेता येतो. आंबेडकरांचीही इंग्रजी शाळेत शिकलेली परकी भाषा होती. त्या भाषेत ते जे मांडत होते, ते त्यांचं स्वतःचं होतं. आधी मराठीत, मग इंग्रजीत, असा क्रम ठेवायला कुठलाही नियम आड येत नाही.

एखाद्या विभागाने ठरवलं तर करण्यासारखं खूप आहे आणि त्याला पैसा लागत नाही. निबंध दोन दिवस आधी सगळ्यांना वाचायला द्यावा. वाचनाला वीस मिनिटं आणि प्रश्नांना चाळीस. वर्गातल्या एकाने आधीच ठरवून विरोधी बाजू मांडावी. शिक्षकाने शेवटी बोलावं, आधी नाही. मुलींच्या आणि पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांना शेवटची उरलेली दहा मिनिटं मिळत नाहीत ना, हे पाहावं. आणि विद्यार्थ्याने शिक्षकाचं म्हणणं सप्रमाण खोडून काढलं तर तेच गुणपत्रिकेत चांगल्या अर्थाने दिसावं.

बाबासाहेबांनी स्वतः संस्था काढली तेव्हा सेमिनारच्या या धड्याचा विसर पडू दिला नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ महाविद्यालय २० जून १९४६ ला मुंबईत सुरू झालं. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग होते. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे, विद्यार्थी मंत्री होत, विरोधी बाकांवर बसत, विधेयकांवर बोलत. जानेवारी १९५० मध्ये देशाचे कायदामंत्री म्हणून बाबासाहेब त्या संसदेत आले आणि हिंदू कोड बिलावर बोलले. दिल्लीच्या सभागृहात ते विधेयक तेव्हा विरोधामुळे अडलेलं होतं. वारसा, दत्तक, विवाह आणि घटस्फोट या तरतुदींचं समर्थन त्यांनी त्या तरुण मुलामुलींपुढे केलं.